खाली टाकलेली गादी

सकाळी दहा वाजता आम्ही शालिकरामजींना गादीवर टेकवलं. गादी जमिनीवर टाकलेली होती, पाठीला तीन उशा होत्या. त्यांनी आधी गादीकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडं, मग माझ्याकडं. पार्बताबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. तो का धरला हे मला त्याच वेळी समजलं. मी काही बोलले नाही. शालिकरामजींच्या चपला उचलून भिंतीकडं ठेवल्या आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

मी काय काम करते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लाखनीच्या हायवेपासून थोडं आत, धानाच्या बांध्यांमध्ये एक छोटं केंद्र आहे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा माणसांचं दुखणं तिथं कमी करतात. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मी तिथं आया म्हणून लागले. मूळची मी साताऱ्याकडची, माण तालुक्यातली. आमचे हे हायवेच्या पुलावर क्रेन चालवायचे, त्यांच्यामागं इकडं आले. पूल झाला, क्रेन छत्तीसगडात गेली. मुलीची दहावी होती म्हणून मी इथंच राहिले, ती राहिलेच. घर एक दिवस आणि एक रात्र लांब आहे.

देवयानी मॅडम मुंबईहून आल्या. मानसशास्त्राची पीएचडी करायला. विषय त्यांनी मला असा समजावला: "मंगल, मरण जवळ आलं की काही लोकांना दुखण्यापेक्षा भीती जास्त छळते. काही औषधं अशी आहेत की ती माणसाला थोडा वेळ स्वतःपासून लांब नेतात. लांबून पाहिलं की भीती कधी कधी लहान दिसते, असं म्हणतात. ते खरं आहे का, हे मला तपासायचंय."

बाहेरच्या देशांत यासाठी एका जातीच्या अळंबीतलं औषध वापरून पाहतात. आपल्याकडं कायद्याला ते चालत नाही. म्हणून आमच्याकडं केटामाइन. हे भुलीचं औषध, ऑपरेशनला वापरतात. खूप कमी दिलं की माणूस झोपत नाही, जागाच असतो, पण हातपाय आपले नसल्यासारखे वाटतात. भूलतज्ज्ञ डॉक्टर समोर बसून ते शिरेतून सावकाश देतात. तास-दीड तासात उतरतं. एका माणसाला दोन सेशन, मधे काही आठवडे. आधी आणि नंतर मॅडम त्याच्याशी बोलतात, भीती किती हे विचारतात, लिहून घेतात.

माझं काम सिटरचं. सिटर म्हणजे बसणारी. रुग्ण लांब गेलेला असताना त्याच्याजवळ कोणीतरी बसलेलं असावं लागतं. हात मागितला तर द्यायचा. सल्ला द्यायचा नाही, देवाचं नाव घ्यायचं नाही, रडू नका म्हणायचं नाही. एकच वाक्य बोलायची परवानगी: "मी इथंच आहे. तुम्ही सुरक्षित आहात." मॅडमनी मला हे दोन महिने शिकवलं. स्वतः गादीवर झोपून दाखवलं, मला झोपवलं. मग गळ्यात कार्ड आलं, त्यावर रिसर्च असिस्टंट. मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. त्या कार्डाचा फोटो यांना पाठवला तर यांनी उलट विचारलं, "कुणाचं कार्ड घातलंयस?" पुढं कितीतरी दिवस दर सोमवारी मला वाटायचं, आज कोणीतरी सर्टिफिकेट मागणार. कोणी मागितलं नाही. मॅडम मला ऑफिसात समोर खुर्चीवर बसवायच्या आणि वहीत काय लिहिलं ते विचारायच्या. त्यांच्याइतकं मला आजवर कोणी विचारलेलं नव्हतं.

मॅडम म्हणायच्या, या उपचारात औषधाइतक्याच दोन गोष्टी महत्त्वाच्या. माणूस कोणत्या मनानं आत येतो, आणि खोली कशी आहे. याला सेट आणि सेटिंग म्हणतात. मन घाबरलेलं असेल तर औषध ती भीतीच मोठी करून दाखवतं. म्हणून खोली शांत ठेवायची. नवी पांढरी चादर. डोळ्यांवर मऊ पट्टी. शब्द नसलेलं संगीत. घरचे बाहेर, कारण घरच्यांचा चेहरा पाहिला की रुग्ण सावरून बसतो.

आधी खोलीत कॉट होती. एका रुग्णानं मधेच उठून पाय बाहेर टाकला. मी धरला म्हणून पडला नाही. ते एथिक्स कमिटीला कळवावं लागलं. रुग्णांवर अभ्यास करताना त्यांना त्रास होत नाही ना, हे पाहणारी ही कमिटी. त्यांनी लिहिलं, पडण्याचा धोका कमी करा. मॅडमनी कॉट काढून टाकायला सांगितली. गादी मीच खाली टाकली.

टाकतानाच माझ्या मनात आलं. आमच्याकडं माणसाचा श्वास लागला की त्याला खाटेवरून उतरवून भुईवर घेतात आणि तोंडात पाणी घालतात. खाटेवर जीव जाऊ नये. माझ्या सासऱ्यांना खाली घेतलं तेव्हा पाय मी धरले होते. मॅडमना सांगावं असं वाटलं. पण त्या फोनवर होत्या. दुसऱ्या दिवशी वाटलं, एवढ्या शिकलेल्या आहेत, त्यांनी विचार केलाच असेल. तिसऱ्या दिवशी वाटलं, ज्यांनी आपल्याला माणसात आणलं त्यांना आपण चूक दाखवायची? त्या गादीवर दोन रुग्ण झाले. एक नागपूरचे रिटायर बँकवाले, एक लाखनीच्याच शिक्षिका. दोघंही काही बोलले नाहीत. मी सुटकेचा श्वास टाकला. या मुलखात अशी रीत नसेल, असं स्वतःला सांगितलं. विचारलं मात्र कोणाला नाही.

मग शालिकरामजी आले. सिहोऱ्याकडच्या एका गावचे. पोटात स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. दुखण्यावर औषध लागू पडलं होतं. पण महिनाभर ते आडवे झाले नव्हते. घरातल्या खांबाला पाठ लावून बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे, मान पडली की दचकून जागे व्हायचे. "आडवा झालो का गेलो" हे त्यांच्या मनात बसलं होतं. मॅडमनी विचारलं, तुम्हाला या उपचारातून काय हवंय? ते म्हणाले, "मले दुसरं काही नोको जी. एक डाव पाय लांब करून झोपू द्या." त्यांच्याकडं दिवस थोडे होते हे सगळ्यांना माहीत होतं. एवढ्या दिवसांत तेवढं जमावं, इतकंच होतं.

कन्सेंटचा कागद, म्हणजे संमतीचा, त्यांना तासभर वाचून दाखवला होता. औषध काय, धोका काय, मधेच थांबवता येतं, सगळं. गादीबद्दल त्यात "आरामदायी बिछाना" एवढंच होतं.

त्या सकाळी ते टेकले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई, माहा टाइम झाला का?"

मला परवानगी असलेलं वाक्य मी बोलले. "मी इथंच आहे. तुम्ही सुरक्षित आहात."

त्यांनी मान हलवली. जणू उत्तर मिळालं.

उपाशी ठेवलेलं असल्यामुळं त्यांचे ओठ सुकले होते. ओठ ओले करायला परवानगी होती. मी चमच्यानं दोन थेंब पाणी ओठांवर सोडलं. त्यांनी डोळे आपणहून मिटले. वर मी पट्टी ठेवली. दाराला काचेची फट आहे. बाहेरून पार्बताबाई बघत होत्या. त्यांना काय दिसलं असेल ते मी आता सांगू शकते. भुईवर घेतलेला नवरा, नवी पांढरी चादर, तोंडात पाणी, डोळ्यांवर कापड. प्रत्येक गोष्ट नियमाला धरून होती.

भूलतज्ज्ञ भंडाऱ्याहून यायला उशीर झाला. अकराला औषध सुरू झालं. सुरुवातीला शालिकरामजींच्या पायांची बोटं ताठ होती. हळूहळू सैल पडली. कपाळाच्या आठ्या गेल्या. एकदा ओठ हलले, "बांधी" म्हणाले. बांधी म्हणजे बांधांनी अडवलेलं धानाचं शेत. पट्टीखालून पाणी आलं, पण चेहरा रडका नव्हता. मॅडम माझ्याकडं बघून हसल्या. इतकं चांगलं सेशन त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. पावणेबाराला औषध बंद झालं. आता तासभर त्यांना आपणहून परत येऊ द्यायचं होतं. हा वेळ सगळ्यांत नाजूक.

सव्वाबाराला गेटवर पिकअप थांबली.

झालं होतं असं. पार्बताबाईंनी मुलाला, गुणवंताला, सांगितलं, बाबाले खाली घेतलं. त्यानं गावी फोन केला. अशा फोनवर कोणी जास्त विचारत नाही. चौदा माणसं निघाली. पुढं शालिकरामजींची बहीण होती. तिनं गेटपासूनच सुरू केलं, "माह्या दादा गा, मले टाकून कसा गेलास गा..." इकडं बायका रडताना त्यात नातं, गाव, लहानपण सगळं गुंफतात. तो आवाज भिंतींना अडत नाही.

शालिकरामजींनी डोळ्यांवरची पट्टी ओढली. बहिणीचा आवाज त्यांनी ओळखला. आपल्याच मयतीचं रडणं ते ऐकत होते. ते उठायला गेले, हातातली सुई ओढली गेली, चादरीवर रक्त आलं. "मी जित्ता हाव का मेलो?" हे त्यांनी मला विचारलं. मॅडमना नाही, मला.

नियमातलं वाक्य माझ्या तोंडातून निघेना. "जिवंत आहात बाबा," मी म्हटलं. "हा माझा हात दाबून बघा."

त्यांनी इतक्या जोरात दाबला की वळ उमटला. बीपी खूप वाढलं होतं. डॉक्टरांनी सांभाळलं. पाऊण तास लागला. बाहेर संघमित्रा सिस्टर पाहुण्यांसमोर उभ्या राहिल्या. सिस्टर इकडच्याच, तुमसरच्या. "अवो, इथं मयत नाही झाली बाप्पा. बुढा चहा मांगून राहिला. कोनाले रडाचंच असन तं हायवेवर जाऊन रडा." खरं तर चहा कोणी मागितला नव्हता. पण तेवढ्यानं रडणं थांबलं.

ते व्हरांड्यात खुर्चीवर येऊन बसले तेव्हा सगळे भोवती गप्प उभे होते. धाकट्या भावाच्या, सुखदेवच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. त्यानं ती पाठीमागं धरली.

"काय आनलं बे, सुखदेव?"

"काही नाही, दादा."

"मयतीचं कापड व्हय. दिसते मले. वापस कर. धान निसवाचा हाये अजून." निसवणं म्हणजे धानाला लोंबी बाहेर पडणं.

कोणी हसलं नाही. ते स्वतःही हसले नाहीत.

गुणवंता मॅडमपुढं आला. "मॅडम, तुमी म्हनलं होतं आराम भेटन. हा आराम व्हय का? जित्त्या मानसाले कोनी खाली घेते का?"

"ते पडू नयेत म्हणून गादी खाली आहे. सेफ्टीसाठी."

"पडले असते तं परवडलं असतं."

तो सही करून वडिलांना घेऊन गेला. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत तरी थांबा म्हणून विनवलं. थांबले नाहीत. पिकअपमध्ये शालिकरामजी ड्रायव्हरशेजारी ताठ बसले होते. मागं टेकले नव्हते.

दुपारी ऑफिसात मॅडम फॉर्म भरत होत्या. अभ्यासात रुग्णाला इजा किंवा त्रास झाला तर तो लगेच कळवावा लागतो, त्याचा हा फॉर्म. फोन स्पीकरवर होता. पलीकडं मॅडमचे गाइड, म्हणजे ज्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी चालते ते प्राध्यापक.

सिस्टर म्हणाल्या, "आमच्या घरी आज्यानं छप्पनच्या दीक्षेनंतर हे सगळं सोडून देल्लं. माह्या डोक्यातच नाही आलं, सर."

मॅडम म्हणाल्या, "मी पुस्तकात वाचलं होतं. पण आमच्या घरची सगळी माणसं हॉस्पिटलमध्येच गेली. कधी पाहिलं नाही."

"रकाना सात," सर म्हणाले. "हे आधी लक्षात येण्यासारखं होतं का? काय लिहिणार?"

"नाही, असं लिहिते. कोणालाच माहीत नव्हतं."

मी कपाटाशी चादरींच्या घड्या करत होते. रक्त लागलेली चादर बाजूला काढली होती. मी काही बोलले नसते तर ते 'नाही' तसंच राहिलं असतं. कोणालाही कळलं नसतं.

"मॅडम, मला माहीत होतं."

मॅडमचं पेन थांबलं. "कधीपासून?"

"गादी खाली टाकली त्या दिवसापासून."

"तीन आठवडे झाले त्याला. मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत, मॅडम. मला वाटलं, मी कोण सांगणारी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुझं गप्प बसणं मला नाही भोवलं, मंगल. त्यांना भोवलं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"कोण बोलतंय?" सरांनी विचारलं. "त्या बाईंना फोनजवळ बोलवा. तुमचं शिक्षण किती?"

अखेर तो प्रश्न आला. "आठवीतून सोडली, सर."

"मग सोपं सांगतो. तुम्हाला तिथं बसवलं ते शिक्षण बघून नाही. अशा घरांत तुम्ही जगला आहात म्हणून बसवलं. तुम्हाला दिसलेलं तुम्ही सांगणार नसाल तर तिथं कॅमेरा लावू. तो चहा तरी पीत नाही." मग मॅडमना म्हणाले, "रकाना सातमध्ये 'हो' लिही. कारण सविस्तर लिही. त्यात पहिलं नाव तुझं घाल. विचारायची पद्धत तू ठेवली नाहीस, म्हणून तिला सांगता आलं नाही."

तपासणी होईपर्यंत अभ्यास थांबला. शालिकरामजींना परत बोलवायचं नाही असं ठरलं. एकदा भ्यालेल्या माणसाला या म्हणणं म्हणजे दबाव टाकणं. त्यांनी आपणहून मागितलं तरच विचार. माफी मात्र मागता येईल. मॅडम निघाल्या होत्या. सर म्हणाले, संशोधक दारात गेली की ते आमंत्रणच होतं. म्हणून मी गेले.

रविवारी भंडारा, तिथून तुमसर, तिथून सिहोऱ्याची बस. दोन्ही बाजूंनी धान पाण्यात उभा होता. आमच्या माणात शेतात एवढं पाणी दिसलं तर लोक पूर आला म्हणतील. बसमध्ये मी काय बोलायचं ते वहीत लिहिलं. तीन वेळा खोडलं.

पार्बताबाई ओसरीवर भाजी निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत.

"मावशी, माफी मागायला आले."

"तू तं लगन झालेली बाई हायेस. तुह्या मुलखात मानसाले खाटेवरच मरू देतेत का?"

"नाही मावशी. आमच्याकडंही खाली घेतात."

"मंग तुले समजत होतं."

"हो."

"आन तरी तू पानी टाकलं."

"हो."

वहीतलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. त्या परत भाजी निवडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सरळ सांगतलं म्हनून बस म्हनतो. नाहीतं हाकलली असती." आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

शालिकरामजी आत खांबाला टेकून बसले होते. आठ दिवसांत डोळे आणखी खोल गेले होते. आता ते डुलकीही घेत नव्हते. मी हात जोडले.

"बाबा, तुम्ही मला विचारलं होतंत, टाइम झाला का. मी नीट उत्तर दिलं नाही."

"मले वाटलं, डाक्टरले समजलं असन. मंग हुज्जत घालून का फायदा? म्हनून मीच डोळे लावले." ते दम घ्यायला थांबले. "पन एक सांगतो. मधात मी बांधीच्या पान्यावर होतो. आंग नोयतं. दुखत नोयतं. भेव नोयता. लय येळ. मंग बहिनीचा आवाज आला. भेव त्या खोलीतला व्हता, बाई. तिकडचा नोयता."

मी गप्प होते. या वेळी तेच बरोबर होतं.

"अजून एक डाव होते का?"

"मला वचन देता येत नाही, बाबा. तुम्ही सांगाल ते लिहून नेते."

त्यांनी सांगितलं. खाली नको, खाट पाहिजे. पार्बता आत बसेल. चमच्याचं पाणी नको. गावात आधीच सांगून ठेवायचं, की फोन आला तरी गुणवंताशी बोलल्याशिवाय कोणी निघायचं नाही. आणि खोलीतलं ते संगीत, मी विचारलं. "वाजू द्या. समजत नाही, म्हनून बरं हाये."

गुणवंता दारात उभा होता. "बाबा, कायले आता परत?"

"तुह्या मायले इचार. तीबी महिनाभर झोपली नाही माह्यासंगं."

पार्बताबाई बाहेरून म्हणाल्या, "मी आत बसत असन तं न्या."

माझ्या अक्षरातलं ते पान मॅडमनी कमिटीकडं जसंच्या तसं पाठवलं. घरचं माणूस खोलीत बसवायला कमिटी सहज तयार होईना. पत्रं गेली, आली. बरेच दिवस त्यात गेले. त्या दिवसांत मी रोज गुणवंताच्या फोनची वाट पाहायची, आणि फोन वाजला की उचलायला भ्यायची. माझं एक गप्प राहणं एका माणसाचे किती दिवस खाऊन गेलं, हे मोजायला मला शाळेची गरज नव्हती. परवानगी आली तेव्हा त्यांना कावीळ दिसू लागली होती. भूलतज्ज्ञांनी रक्त तपासून सांगितलं, आणखी उशीर झाला असता तर मी नाही म्हटलं असतं.

दुसऱ्या सेशनला दोन्ही बाजूंना कठडे असलेली बुटकी कॉट होती. पार्बताबाई पायथ्याशी बसल्या. त्यांनी नवऱ्याच्या घोट्यावर हात ठेवला आणि दोन तास काढला नाही. शालिकरामजी एकही शब्द बोलले नाहीत. उशा तीन होत्या. मधेच त्यांनीच एक काढायला खुणावलं. मग दुसरी.

संध्याकाळी मॅडमनी प्रश्नावली घेतली. मरणाचा विचार आला की भीती किती, शून्य ते दहा?

"नंबर का सांगू जी? भेव हाये. पन आता तो बाजूले बसते. आंगावर नाही बसत."

"मला आकडा लागतो, बाबा."

"मंग चार लेहा."

चार दिवसांनी गुणवंताचा फोन आला. "काल जेवून आडवे झाले बाबा. दोन तास. माय वारा घालत बसली, मंग तीबी तिथंच कलंडली." त्यानंतर ते रोज थोडं थोडं झोपायला लागले. काही दिवस बसूनच जायचे. दुखणं वाढलं, त्याचं औषध वाढलं. केटामाइननं ते थांबलं नाही आणि थांबणार नव्हतंच.

धान कापून झाल्यावर ते गेले. गुणवंतानं सांगितलं, "सकाळी सोताच म्हनले, आता घ्या मले खाली. मी आन सुखदेव काकानं घेतलं. मायनं पानी टाकलं." मी मॅडमना सांगितलं. त्या ऑफिसातून उठून बाहेर गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या. आल्यावर म्हणाल्या, हे लिहिता येणार नाही, पण सांगितलंस ते बरं केलंस.

मॅडमची पीएचडी अजून चालू आहे. शालिकरामजींच्या पहिल्या सेशनचे आकडे मोजणीत धरलेले नाहीत. जे घडलं ते वेगळ्या प्रकरणात आहे, आणि त्यात 'हो' लिहिलेला तो रकाना आहे. संमतीच्या कागदात एक प्रश्न वाढला आहे: या खोलीत तुम्हाला खटकणारं काही आहे का? रुग्ण आणि घरचे, दोघांनाही खोली आधी दाखवून तो विचारतात. बहुतेक जण काही नाही म्हणतात. आंबागडच्या एका आजींनी दाराकडं तोंड करून खाट फिरवायला लावली. कारण विचारलं नाही, फिरवली.

माझं कार्ड राहिलं. आता दोन नव्या सिटर माझ्या हाताखाली शिकतात. दोघी बारावी झालेल्या आहेत, मला ताई म्हणतात आणि मान डोलवत ऐकतात. त्यांचं मान डोलवणं मला आवडत नाही. त्यांना मी वहीतले नियम नंतर सांगते, आधी हे सांगते: ज्याचे आपल्यावर उपकार आहेत त्याची चूक दिसली तर त्याच दिवशी सांगावी. दुसऱ्या दिवशी ती निम्मी आपली होते. तिसऱ्या दिवशी पूर्ण.